मिळून आला नाही

चारित्र्याचा दाखला हवा होता, बँकेत रोकड मोजायच्या कामासाठी.
ऑनलाइन अर्ज, फी भरल्याची पावती, ओळखीची दोन माणसं,
मग मेसेज: पडताळणीला रबाळे एमआयडीसीच्या ठाण्यात या.

पंखा फक्त साहेबांच्या टेबलावर.
मानकामे हवालदारांनी चष्मा कपाळावर सरकवला,
माझं नाव संगणकात घातलं, मान हलवली,
मग आडनाव तेवढं ठेवून
पुढचं नाव एकेक अक्षर पुसलं.

"यल्लप्पा हणमंत धोत्रे. इलठणपाडा, दिघा.
तुमचे कोण?"

आम्हाला सांगितलेलं ते असं, की बाप मस्कतला.
शाळेच्या फॉर्मवर मस्कत, शेजारणींत मस्कत,
मावशीच्या लग्नात मस्कतच्या नावाचा आहेर,
जो आईनं कळव्याच्या बाजारातून घासाघीस करून आणलेला.
मी नकाशात मस्कतवर पेनानं टिंब केलं होतं,
इतकं गिरवलं की मागच्या पानावर
ऑस्ट्रेलियाला भोक पडलं.

कपाटातून गठ्ठा निघाला, लाल फडक्यातला.
वर चिकटपट्टीवर: अजामीनपात्र, जुने.
बेलापूर कोर्ट. जबर दुखापत.
हत्यार: घणाचा दांडा, नग एक.
फिर्यादी: रामय्या, खदानीचा मुकादम.
जखम: उजवा कान, कायमचा.

दुकानात आई मला चिमटा काढून सांगायची,
"रामय्याकाकांना डावीकडनं हाक मार गं,
डावीकडनं."
मला वाटायचं, ही काहीतरी रीत असेल आमच्यातली.

चौदा वर्षांत वॉरंट सहा वेळा घरी येऊन गेलं होतं,
नेमकं मी शाळेत असताना.
प्रत्येकाच्या पाठीवर तेच मराठी,
जे कुणाच्याच घरात बोलत नाहीत:
सदर इसमाचा नमूद पत्त्यावर शोध घेतला असता
तो मिळून आला नाही.
पत्नीकडे विचारपूस केली असता
कोठे गेला ते सांगता येत नाही, असे कळविते.

खाली आई.
पहिल्यावर अंगठा, शाईत बुडालेला.
दुसऱ्यावर अंगठा, जरा कोरडा.
तिसऱ्यावर 'ना', एवढंच, आणि पुढे घसरलेली रेघ.
तेव्हा मी सहावीत. रात्री तिला अक्षरं शिकवायचे.
मला वाटायचं, रेशनकार्डासाठी शिकते.
सहाव्यावर सबंध नागूबाई यल्लप्पा धोत्रे,
शिरोरेघ पट्टीनं मारल्यासारखी.

"हे अजून चालू आहे?" मी विचारलं.
"असलं वॉरंट मरत नाही, ताई.
माणूस मेला असेल तर तसा दाखला आणा,
मग कोर्ट रद्द करेल."
चालू आहे.
बाहेर कुणी डंपर मागे घेत होतं, त्याची शिट्टी वाजत राहिली.
माझ्याखेरीज आणखी कुणीतरी
चौदा वर्षं त्याच्या नावाला हाक मारत होतं.
बरं वाटलं मला. पोलीस ठाण्यात बसून
बरं वाटलं, हे कुणाला सांगू?

"फोनबिन येतो?"

दिवाळीत येतो एकदा, पहाटे, दरसाल वेगळ्या नंबरवरून.
आई उचलते. ती बोलत नाही, तिकडूनही कुणी नाही.
लांब कुठेतरी दगड फुटत असतात.

"नाही," म्हणाले मी.
हा माझा पहिला गुन्हा असेल तर
संगणकाला अजून पत्ता नाही.
"तुमचं स्वच्छ आहे," मानकामे म्हणाले,
"गुन्ह्याची नोंद आढळून आली नाही. आठवड्यात दाखला.
आणि आलाच आहात तर इथे एक सही करा."
सातव्या कागदावर त्यांनी ते वाक्य
न बघता लिहिलं, मी न वाचता ओळखलं.

घरी पाणी आलं होतं. आई ड्रम भरत होती.
मी काही बोलले नाही. तिनं माझ्या बोटावरची शाई बघितली,
पाइप दुसऱ्या ड्रममध्ये टाकला
आणि म्हणाली,
"पूर्ण नाव घातलंस ना?
अर्धं घातलं की परत बोलावतात."