खिंडार क्रमांक एकोणीस

त्या वर्षी पाऊस पडता पडता गोठला.
थेंब फांदीवर यायचा आणि तिथेच काच व्हायचा,
काचेवर काच, चार दिवस, चार रात्री.
कोचेव्येच्या वरच्या डोंगरात वीज गेलेली,
माणसं चुलीपाशी बसून रान ऐकत होती:
आधी करकर, मग बंदूक सुटल्यासारखा आवाज,
मग बराच वेळ काहीच नाही.
व्हिंको म्हणतो, भीती त्या काहीच-नाहीची वाटायची.

बर्फ वितळल्यावर आम्ही मोजायला गेलो.
दोन बीच उभे चिरलेले,
एक म्हातारा फर मुळांसकट उताणा,
मुळांच्या मुठीत अजून चुनखडीचे दगड.
आणि वर, जिथे आजोबांच्या आजोबांनाही आभाळ दिसलं नसेल,
तिथे अडीच गुंठे आभाळ.
कागदावर रकाना होता: कारण.
मी लिहिलं, बर्फ.
व्हिंको म्हणाला, वजन लिही.

पाचोळ्यात फरची पोरं होती, त्रेचाळीस.
गुडघ्याएवढी, उंच व्हायचं सोडून
छत्रीसारखी आडवी पसरलेली.
सावली त्यांच्या पाचवीलाच पुजलेली.
चव्वेचाळिसावं फांदीखाली चिरडून मेलं होतं.
ते बुंध्याशी कापून भिंगाखाली धरलं:
अंगठ्याएवढ्या लाकडात चौऱ्याहत्तर कडी.
व्हिंको तेव्हा एकोणसत्तरचा.
त्याने टोपी काढली, थोरल्या भावापुढे काढावी तशी,
आणि लगेच झटकली,
कारण टोपीत मुंग्या शिरल्या होत्या.

आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं लावायचं, म्हणतात.
इथे लावतात.
कडेचे बीच दर वर्षी वीतभर हात पुढे करतात.
मॅपल उन्हाचा हावरट, खालून धावत सुटतो.
रासबेरीचं काटेरी रान माजतं, त्यात साप, त्यात पाखरं.
आडव्या फरच्या पाठीवर शेवाळ,
शेवाळात स्प्रूसची रोपं, दातकोरण्याएवढी.
आणि फरच्या पोरांची जुनी पानं
पहिल्याच उन्हाळ्यात करपून पिवळी पडली.
इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली
ते असं एकदम अंगावर आलं.

पाच वर्षांनी पुन्हा तोच खड्डा.
मी पाठीवर पडून वर कॅमेरा रोखला.
मागच्या फोटोत आभाळ ताटाएवढं होतं,
आता बशीएवढं, कड कुरतडलेली.
व्हिंकोचे गुडघे गेलेत. तो खाली रस्त्यावर,
गाडीत, वायरलेस मांडीवर घेऊन.
फर? त्याने विचारलं.
हरणांनी शेंडे खुडलेत, मी म्हटलं.
अडतीस गेले. पाच आहेत.

मग बराच वेळ काहीच नाही.
नुसती खरखर, आणि कुठेतरी सुतार पक्षी.

उंच किती?
एक आहे कमरेएवढा.
कुणाच्या कमरेएवढा? तो खेकसला.
तुझ्या की माझ्या? नीट सांग.

मी टेप शोधू लागले. खिशात नव्हता,
वर कुठल्यातरी ओंडक्यावर राहिलेला.
मग त्या फरशेजारी जाऊन
ताठ उभी राहिले.