लिफ्टच्या आधी

लातुरात, औसा रोडला, बॅटरीच्या दुकानावर
आम्ही सात जण होतो, खुर्च्या पाच.
मुदस्सिर कोड लिहायचा पोत्यावर बसून,
व्यंकटसर स्वतःच झाडून घ्यायचे,
आणि आडतीवरून फोन यायचा :
"मॅडम, पट्टी निघंना गेलीय, वजन उलटं दाखवलालंय."
मी खांद्यात फोन धरून धपाटं मोडायची.

आता तीन मजले. एकशे बारा माणसं.
फोनला तिकीट म्हणतात,
तिकिटाला नंबर, नंबराला रंग.
लाल व्हायच्या आत मिटवायचं,
आवाज गोड ठेवून.

पगार एक तारखेला येतो, खोटं कशाला बोलू.
धाकटीची फी भरली.
आईला वॉशिंग मशीन घेतलं.
नळ आठव्या दिवशी येतो,
तोवर ती त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवते.
शेअरचा कागद रेशनकार्डाच्या पिशवीत.
"किती येतील?"
"कंपनी विकली तर येतील."
"मग तू कुठं जाशील?"

काल लिफ्टमध्ये नव्या पोरानं विचारलं,
"तुम्ही कधी जॉइन झालात?"
म्हटलं, "लिफ्टच्या आधी."
तो हसला, कार्ड लावून उतरला.
मुदस्सिर असता तर आधी विचारला असता डबा.
तो मार्चमध्ये हैदराबादला गेला,
निरोपाच्या केकवर त्याचं नाव चुकलं होतं.
खाल्ला सगळ्यांनी. मीही.

साडेआठला मजला रिकामा होतो
तेव्हा एक जुने आडते
अजून माझ्याच मोबाइलवर फोन करतात.
तिकीट काढा, असं म्हणायचा नियम आहे.
मी म्हणते, "सांगा काका,
किती दाखवलालंय वजन?"