निर्लेखन

अनुदानाच्या यादीतून सहा पुस्तकं आली.
धोरण, मुत्सद्देगिरी, सागरी सत्ता.
एकाच्या वेष्टनावर निळा नकाशा
आणि त्यावर बाणच बाण,
कुणी समुद्रालाच नेम धरून बसल्यासारखे.

मी शिक्के मारले. पहिलं पान, सतरावं, शेवटचं.
दाखल क्रमांक ९४१२ ते ९४१७.
हर्णैत वाचतं कोण हे?
मुलं तलाठी भरतीचे प्रश्नसंच मागतात,
मुरुडकर वहिनींना रहस्यकथा लागते,
तीही पहिल्याच पानावर खून झालेली.

पण ९४१४ तीनदा बाहेर गेलं,
तिन्ही वेळा एकाच नावावर:
सिकंदर हमदुले, निवृत्त सारंग,
एकतीस वर्षं तेलाच्या जहाजांवर.
सदरा इस्त्रीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याची.

परत आलं तेव्हा समास भरले होते पेन्सिलीनं.

लेखक म्हणतो, होर्मुझ ही जगाची नस आहे.
तिथे: 'असेल. आम्ही दिवे मालवून जायचो.
पोलिश कप्तान त्या रात्री माझ्याकडून दुवा म्हणवून घ्यायचा.'
निर्बंधांचा तक्ता आहे, वर्षवार.
तिथे: 'या साली सात महिने पगार नाही. बंदरात अडकलेलो.
नजमाचं लग्न पुढे ढकललं.'
आणि जिथे चार ओळींत उरकलाय
'पारंपरिक मच्छीमार हा घटक',
तिथे नुसती एक रेघ, इतकी दाबून
की मागच्या पानावरही उमटलीय.

नियम आठ: पुस्तकात लिहिणाऱ्यास दंड.
मी म्हटलं, हमदुले चाचा, पाच रुपये.
त्यांनी दहाची नोट ठेवली.
"उरलेले पुढच्या प्रकरणाचे."

त्याच आठवड्यात कोळंबीचा भाव बसला.
पलीकडच्या कुठल्याशा देशानं कर चढवला म्हणे.
पाजपंढरीची चांगुणा दोरकुळकर
पाटी तशीच घेऊन वाचनालयात आली,
वास सगळ्या कपाटांना लागला.
"तुमच्या बुकात बघ गो, कोणाला विचारून चढवला?"
मी सूची चाळली. कर होता, करार होते तेरा.
को पर्यंत गेले. कोरिया होता. कोलंबो होतं.
कोळंबी नव्हती.
"मग जाड कशानं झालंय एवढं?" ती म्हणाली,
आणि चहा न घेता गेली.

मार्चात तपासणी. साहेबांनी ९४१४ उघडलं,
पेन्सिल बघितली, शेरा दिला:
खराब. निर्लेखित करावे.
पुस्तक यादीतून काढायला
आमच्या खात्यात हाच शब्द आहे.
लिहिलेलं काढायचं म्हणून निर्लेखन,
की कुणी लिहिलं म्हणून?

वाटलं, खोडून दिलं तर वाचेल.
संध्याकाळी रबर घेऊन बसले.
पान एकशे अठ्ठ्याऐंशी. नजमाचं लग्न गेलं.
बाहेर भांगाची भरती,
पाणी आलंय की नाही कळू नये अशी.
भुगा फुंकला,
तर शिसं गेलं तरी दाब राहिला होता.
दिव्याखाली तिरकं धरलं की 'सात महिने' वाचता येतं.

तिथंच थांबले.

मग सूचीचं पान काढलं.
कोलंबोखाली थोडी जागा होती.
माझं अक्षर चाचांइतकं चांगलं नाही.
कोळंबी, असं लिहिलं. पुढे पृष्ठ क्रमांक
कुठला घालावा सुचेना.

स्वल्पविराम देऊन ठेवलाय.