एका चौकोनाला एक आकडा

मॉडेल आज मुळा-मुठेला बाग म्हणालं.
संगमापासून बंडगार्डनपर्यंत सलग हिरवळ,
खात्री चौऱ्याण्णव टक्के.
मी कडा गिरवल्या, लिहिलं: जलपर्णी.
पुन्हा शिकवलं. हट्टी आहे,
हिरवं दिसलं की सावली समजतं;
परवा बाणेरच्या गच्चीवरलं प्लास्टिकचं गवतही
त्याने कुरणात धरलं होतं.

उष्णतेचं चित्र वेगळं.
शंभर मीटरचा चौकोन, चौकोनाला एक आकडा,
आणि उपग्रह पुण्यावर येतो सकाळी अकराच्या आत,
पत्रे तापायच्या आधी हजेरी घेऊन जातो.

म्हणून रामटेकडी. मे, दुपारचे तीन.
मैनाबाई धिवार पत्र्यावर ओली पोती पसरत होत्या,
शिडी मला धरायला लावली.
खाली उतरल्यावर टॅबवर वस्ती दाखवली: गडद लाल, बेचाळीस.
"यवढ्यात आमी किती घरं?"
दोनशे असतील, मी म्हटलं.
"आन् समद्यांना येकच ताप?"
मग वर बघत,
"त्या इमानाला माझी पोती दिसत्यात का?"
विमान नाही, उपग्रह.
"त्येच."

गल्लीच्या तोंडाशी एक कडुनिंब.
खाली झोळी, झोळीत पोर, लसूण सोलणाऱ्या दोघी,
एक शिवणयंत्र, एक नादुरुस्त रिक्षा,
खोडावर लाल रंगात ११८.
त्याचं काय ठरलंय, कुणालाच माहीत नव्हतं.
एक तापमापक फांदीला टांगला, दुसरा मैनाबाईंच्या पत्र्याखाली.
वीस पावलांत सात अंश.

ऑफिसात टिळेकर नकाशा साफ करतो.
एकटा ठिपका म्हणजे गोंगाट,
चाळणीतून काढायचा, शेजारच्या रंगात मिसळून टाकायचा.
सोमवारी बैठक आहे, जरा नीटनेटकं दिसायला हवं.
मी चाळणी बंद केली.
नकाशाला गोवर उठल्यासारखा झाला,
हडपसर, येरवडा, दांडेकर पूल, अंगभर हिरवे ठिपके,
त्यातले काही चुकीचेही असणार.
टिळेकर बराच वेळ बघत राहिला,
मग चहाला गेला.

रात्री साडेअकराला फोन.
"पत्र्याखाली अजून सदतीस हाय. लिवून घ्या."
मागे पंख्याचा खडखडाट, कुणीतरी खोकलं.
मी लिहून घेतलं.
"आन् तुमचं इमान?
निजलं व्हय?"