दहापैकी किती

सिव्हिल हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीत
एक्स-रेला लागून एक खोली आहे.
पाटी केव्हाच पडली, म्हणून लोक सारखे
डोकावून विचारतात, प्लास्टर इथंच काढतात का?
टाकळकर मॅडम म्हणतात, पुढचं दार.
मग माझ्याकडे वळून :
दहापैकी किती?

मी वजनकाट्यावरचा माणूस.
जालन्याच्या एमआयडीसीत आठ वर्षं
भंगाराच्या गाड्या मोजल्या,
आधी भरलेली, मग रिकामी,
मधला फरक म्हणजे माल.
म्हणलं, मॅडम, भीती काट्यावर चढत नाही.
अंदाजे सांगा, म्हणाल्या.
म्हणलं, दहा.
जिना उतरताना वाटलं, कमी सांगितले.

घरात गॅसचं बटण कट्ट वाजलं
की मी पलंगाखाली.
चांगला पन्नाशीला आलेला बाप्या.
पोरगी आधी हसली, मग हसायची थांबली.
कौशी काही बोलली नाही.
कणीक मळून परात घेऊन
चाऊस भाभीकडे जायची, तिथं भाकरी थापायची,
भाकरी झाकून आणायची, जशी चोरीची.
असे चार महिने.
भाभीनं सिलिंडरचा हिशोब कधी काढला नाही.

मॅडमनी गृहपाठ दिला :
एक काडेपेटी. खिशात ठेवायची. उघडायची नाही.
चालताना ती खुळखुळायची
आणि मी रस्ता बदलायचो,
जसा काही आवाज मागून येतोय.
तिसऱ्या दिवशी एसटी स्टँडावर
कुणी बिडी दाखवून म्हणालं, काडी हाय का?
पेटी त्याच्या हातात कोंबली
आणि पळालो, थेट मामा चौकापर्यंत.
मॅडम हसल्या. पळालात, पण दिलीत ना?
वहीत लिहा. आठ.

मग उघडायची. मग वास घ्यायचा.
मग जळलेली काडी तळहातावर, मोजून शंभर.

आणि एका मंगळवारी, न विचारता,
मी शिक्क्याचं बोललो.
'माल तपासला' हा शिक्का माझ्या टेबलावर असायचा.
त्या दिवशी साठेक पावत्या होत्या.
कुठल्या तरी गाडीत एक बंद नळकांडं होतं, आत पाणी.
मी बघितलं होतं का?
बघून शिक्का मारला, की न बघता?
पावती द्यायला शेडात गेलो तेव्हा
भट्टीजवळून लल्लननं हात वर केला.
ये म्हणून, की थांब म्हणून,
ते मला आजही सांगता येत नाही.
त्यानंतरचं सगळं पांढरं.

वाटलं, मॅडम म्हणतील, तुमची चूक नाही.
सगळे तेच म्हणतात, पाणी द्यावं तसं.
त्या गप्प बसल्या.
भिंतीपलीकडून टेक्निशियनचा आवाज,
कुणा दुसऱ्याच्या छातीसाठी :
श्वास घ्या.
धरून ठेवा.
सोडा.
मी सोडला.
तो आकडा आम्ही लिहिला नाही.

आता महिन्यातून एकदा जातो.
परवा विचारलं, हे शून्यावर कधी येणार?
त्या म्हणाल्या, तुम्हीच सांगा,
रिकामी गाडी काट्यावर किती दाखवते?
मी हसलो. साडेदहा टन, कधी अकरा.
आणि तरी चालतेच की.

काल नळाला पाणी आलं, दहा दिवसांनी.
कौशी हंडे भरत होती, पोरगी शाळेत.
मी ओट्यासमोर उभा राहिलो.
बटण नको, काडीच घेतली.
पहिली मोडली. दुसरी ओली होती बहुतेक.
तिसरीनं निळं फूल धरलं, गोल,
आणि माझे गुडघे जागेवर राहिले.
पातेलं ठेवलं. साखर दोनदा पडली असेल.
दुधाकडे बघता बघता कुठंतरी गेलो,
सिवानला बहुतेक, लल्लनच्या अंगणात,
जिथं मी कधीच गेलो नाही,
आणि दूध उतू गेलं,
फस्स करून ज्योत विझली.

दारातून कौशी, हातात हंडा,
म्हणाली, सरका, मी करते.

मी हात वर केला.
थांब म्हणलं.
पेटीत अजून काड्या होत्या.