देवदारी खोकं

नारळी पौर्णिमा उलटली आणि मुंबईहून पडाव आला
वेंगुर्ल्याच्या धक्क्याला.
कौलं नव्हती, मीठ नव्हतं. खोकी होती,
एकेका खोक्यात दोन डबे,
डब्यावर ठोकलेली अक्षरं दाऊद तांडेलाला वाचता येत नव्हती,
तरी तो म्हणाला, "अमेरिका,"
जसं कुणी म्हणावं मोचेमाड, खाडीच्या पल्याड.

"दगडाचं तेल. तिकडे दगड पिळतात."

मी तेली. उंडीच्या बियांनी माझी नखं हिरवी.
दगड पिळून काय निघतं हे मला ठाऊक होतं,
माझा बाप चाळीस वर्षं एका दगडी उखळीभोवती फिरला.

त्या रात्री खोताच्या ओटीवर चिमणी लागली.
काचेतली, पांढरी, न फडफडणारी.
गाव पाकोळ्यांसारखं गोळा झालं.
घरी आलो, कोनाड्यात माझ्याच तेलाची पणती,
आणि तिचा कडू धूर
जन्मात पहिल्यांदा माझ्या नाकाला लागला.

मग गिऱ्हाईक तुटत गेलं. भांडण कुणी केलं नाही,
फक्त येईनासे झाले.
गुरव म्हणाला, रवळनाथाक तुझाच तेल हा, रॉकेल चलाचा नाय.
देव पितो किती? पावशेर.

डबा मात्र कुणी टाकला नाही.
विहिरीवर पोहरा झाला, पडवीत तांदळाचं माप झालं,
अब्बास पत्रेवाल्याने तर डबे कापून चिमण्याच केल्या.
मी दोन आण्यांना एक खोकं घेतलं, खुराड्यासाठी.
खिळे उपसताना फळीला राळेचा वास,
कुठल्या डोंगरावर वाढलं असेल हे झाड,
आणि आतल्या अंगाला, शिसपेन्सिलीने, काहीतरी लिहिलेलं.

धोंड मास्तरांनी चष्मा पुसला. दोनदा वाचलं.
"आठ तास काम. आठ तास झोप. आठ तास आमचे."
मास्तरांकडे वर्तमानपत्र येई, पंधरा दिवस शिळं.
त्यात म्हणे आलं होतं,
तिकडच्या एका शहरात कारखान्यांतली माणसं चौकात जमली हेच मागायला,
कुणी बॉम्ब फेकला, पोलिसांनी गोळ्या घातल्या,
पुढच्या वर्षी चौघांना फाशी.
"ह्या लिवणारो त्यातलोच काय, मास्तर?"
"कसं सांगू? सही नाही."

मी म्हटलं, "आणि बैलाक कोण सांगतलो?"
मास्तर हसले.
मी थट्टा केली नव्हती.

तांबूच्या डोळ्यांवर झापड, पहाटेपासून.
त्याच्या फेऱ्या सरळ रेषेत टाकल्या असत्या
तर तो कधीच त्या शहरात पोचला असता,
चौकात उभा राहिला असता शिंगं घेऊन.

शिमग्याच्या आधी घाणा थांबला.
झापड सोडली, त्याला मळ्यात नेऊन सोडलं.
गवत गुडघाभर, चारी दिशा मोकळ्या,
आणि तो डावीकडे वळत राहिला, वळत राहिला,
एक वाटोळी वाट पडेपर्यंत.
सावंतवाडीच्या गाडीवानाने नेला त्याला.
किंमत सांगत नाही.

आता मी धक्क्यावर हमाल.
माझ्याच गिऱ्हाइकांचं तेल माझ्याच खांद्यावरून उतरतं.
पूर्वी दिवस मावळला की काम मावळायचं,
आता मुकादम खांबाला चिमणी टांगतो
आणि म्हणतो, उजेड हा मरे, अजून वीस खोकी.

एकदा वाटलं, उत्तर द्यावं.
कोळसा घेतला, अक्षर येत नव्हतं,
म्हणून एका रिकाम्या खोक्यावर वर्तुळ काढलं, मधे एक टिंब.
पण रिकामी खोकी परत जात नाहीत,
दाऊद म्हणाला, येतात तेवढीच.

ती फळी खुराड्याला आहे, अक्षरं आत.
सांज झाली की कोंबड्या तिला पाठ लावून निजतात,
उजाडेपर्यंत.
त्यांना चिमणी दाखवायचं
अजून कुणाला सुचलेलं नाही.