पुलाचं काय केलंत?

अकरा वर्षांनी आला एकदाचा चौथा भाग
आणि उतरवायला घेतला तर एकशे बारा जीबी.
विश्रांतवाडीत, आमच्या नेटवर, म्हणजे
मंगळवारची रात्र, बुधवार अख्खा,
आणि गुरुवारी वीज बंद. गुरुवार तो गुरुवारच.
अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर अडकलेल्या काळ्या काचेत
स्वतःचंच तोंड बघत मी दहीभात खाल्ला.

शुक्रवारी चेहरा घडवला. दोन तास.
मी रास्ता पेठेत दातांच्या लॅबमध्ये असते,
दिवसभर अनोळखी माणसांच्या दाढा घासते,
पांढऱ्यातला कुठला पांढरा, यावर डॉक्टरांशी भांडते.
इथे नाकाला चौदा पट्ट्या, भुवयांना नऊ,
गालावरचा व्रण किती जुना तेसुद्धा ठरवता येतं,
दात मात्र सगळ्यांना एकच.
हसली की माझी योद्धी टूथपेस्ट विकायला आल्यासारखी दिसते.
हसवली नाही मग.

नाव तेच ठेवलं, कुंदा.
पहिल्या भागात घाईत आत्याचं टाकलं होतं.
आत्याला शेवटपर्यंत कळलं नाही
की तिनं तीन ड्रॅगन मारलेत.

मग धुकं. मग ती जुनी धून,
घशाशी काहीतरी आलं, ते गिळलं,
आणि होडी ढकलायच्या आधी नावाड्यानं विचारलं,
'मागे हालमरच्या पुलाचं काय केलंत?'

जाळला.
राखला.

मला आठवेना.
तिसऱ्या भागानं हे कधी विचारलंच नव्हतं.
पूल होता दुसऱ्या भागात, म्हणजे टिळक रोडवरच्या कॅफेत,
तासाला वीस रुपये, शेजारच्या खुर्चीत यशोधन,
माउसचा गोळा काढून नखानं मळ खरवडणारा.
आमचा सगळा खेळ त्याच्या सीडीवर.
वर मार्करनं लिहिलेलं: टॅली, अकाउंट्स.

शनिवारी संगमवाडीच्या पुलावर, बसच्या धुरात,
निम्मंच आठवलं. पलीकडे सैन्य होतं.
पण सैन्याच्या पुढे, गाठोडी घेऊन, माणसंही होती.
मागून कोणीतरी हॉर्न वाजवत राहिलं.

रात्री फोन लावला. तो आता रावेतला फ्लॅट विकतो.
'हालमर?' म्हणाला, आणि इतका वेळ गप्प
की मला वाटलं कटला.
'जाळला. म्हणजे तू नाही.
तू राखलास आणि डोळे पुसत घरी गेलीस.
अर्ध्या तासाचे पैसे शिल्लक होते.
मी बसलो तुझ्या खुर्चीत.'
बावीस वर्षं!
'सांगणार होतो गं.'
त्याच्या मागे कोणीतरी पार्किंगचं विचारत होतं.
'मग काय झालं, जाळल्यावर?'
'छान दिसलं,' तो म्हणाला.
'खरंच फार छान दिसलं.'

रविवारी परत धक्क्यावर.
नावाडी तिथेच, या पायावरून त्या पायावर,
दर चाळीस सेकंदांनी खोकणारा.
त्याला खोट्याचं काही वाटणार नाही, हे मला माहीत आहे.
आणि हे खोटं आहे का, तेही नक्की सांगता येत नाही.

राखला.

'बरं झालं,' तो म्हणाला, 'माझी माणसं त्यावरूनच आली.'
दुसऱ्या उत्तरालाही त्याच्याकडे एक वाक्य असणार,
याच आवाजात, आधीच रेकॉर्ड केलेलं.
ते मी ऐकलं नाही.

आज बुधवार. अजून पहिल्याच गावात आहे.
वेशीबाहेर दिसतो तो डोंगर,
जाता येईल तिथे, पण मी लव्हाळं कापतेय,
म्हातारीच्या चुलीला पाच जुड्या हव्यात, मी नऊ नेल्या,
विहिरीतले बेडूक मारले, दोन सोडले.
पुढे गेलं की संपायला लागतं.

पावणेएकला यशोधनचा मेसेज:
ऑफिसच्या लॅपटॉपवर चालेल का?
नाही चालणार, लिहिलं.
थोडा वेळ तो टाइप करत होता, मग थांबला.
म्हणून लिहिलं, रविवारी ये. दुसरी खुर्ची आहे.
माझ्या सेव्हला हात लावायचा नाही.